सीमेवरची झडती आणि श्रद्धावंताचे उत्तर

हिवाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून उत्तरेकडे निघणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिका आपण पाहिल्या असतील. लखनौ, बहराइच, गोरखपूर अशी गावे त्यात असतात आणि पुष्कळदा शेवटी एक ओळ जोडलेली असते : ‘एक दिवस नेपाळ – स्थलदर्शन व खरेदी.’ बहराइचहून सकाळी सुटलेली बस साठेक किलोमीटर अंतर कापून रुपईडीहा या सरहद्दीवरच्या गावी येते. पलीकडे नेपाळचे जमुनहा नाके, आणि त्याच्या पुढे काही किलोमीटरवर बांके जिल्ह्यातील नेपाळगंज. बस पलीकडे न्यायची तर ‘भन्सार’, म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क, भरून कागद करावा लागतो. न्यायची नसेल तर ती अलीकडेच उभी करून मंडळी ई-रिक्षांतून जातात. पुढे गाइड, मागे आपली कुटुंबे.

नेपाळगंजमध्ये मुसलमानांची वस्ती मोठी आहे. उर्दू आणि अवधी कानांवर पडते, मशिदीत जमाअतीने नमाज मिळते, आणि मुलांना परदेश पाहिल्याचा आनंद होतो. मोबाइलमधील घड्याळ तेथे आपोआप पंधरा मिनिटे पुढे सरकते, कारण नेपाळची प्रमाणवेळ भारताच्या पंधरा मिनिटे पुढे आहे. सूर्य मात्र जेथे होता तेथेच असतो. म्हणून भारतीय वेळेचे तक्ते खिशात घेऊन गेलेल्यांनी जुहर-असरच्या वेळी थोडे सावध असावे. मशिदीतील स्थानिक तक्ता पाहावा हे उत्तम. बसमध्ये रत्नागिरीकडील शाफई आणि मराठवाड्यातील हनफी कुटुंबे एकत्र असली, की प्रवासात दोन नमाजा एकत्र पढाव्यात की नाही यावरही चर्चा रंगते. शाफई मजहबात त्याला परवानगी आहे, हनफी मजहबात नाही. दोघांनीही आपापल्या मार्गाने नमाज अदा करावी आणि ड्रायव्हरला थांबण्याची वेळ आधी सांगावी, एवढे पुरे आहे.

आमच्या आजच्या विवेचनाचा विषय संध्याकाळचा आहे. बस परत निघते. जाकिटे, ब्लँकेटे, बूट, चिनी मातीची भांडी, सौंदर्यप्रसाधने यांनी पिशव्या भरलेल्या असतात. नाके जवळ आले की गाइड उभा राहतो आणि सांगतो : ‘कपड्यांची लेबले काढून टाका. जाकिटे अंगात घाला. ब्लँकेटे सीटवर पसरा. कोणी विचारलेच तर म्हणा, जुने आहे, घरूनच आणले आहे.’ मंडळी हसतात. एखादी कात्री हातोहात फिरते. दहा मिनिटांत बसमध्ये नवी वस्तू म्हणून काही उरत नाही.

वाचकहो, या दहा मिनिटांत नेमके काय घडते, याचा शांतपणे विचार करावा अशी विनंती आहे.

प्रथम कायदा समजून घेऊ. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी शांतता व मैत्रीचा करार झाला. त्यामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना पासपोर्ट-व्हिसाविना ये-जा करता येते. सुमारे १,७५० किलोमीटर लांबीची ही सीमा कुंपणाविना आहे. आपल्या बाजूने सशस्त्र सीमा बलाचे जवान तिची राखण करतात. माणसांना ही मोकळीक आहे, मालाला नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. २०१६ च्या बॅगेज नियमांत परदेशातून येणाऱ्या सामान्य प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणण्याची सवलत होती. नेपाळ, भूतान व म्यानमार येथून येणाऱ्यास ती १५,००० होती. आणि या देशांतून जमिनीच्या मार्गाने येणाऱ्याला तीही नव्हती. त्याला फक्त वापरातल्या वैयक्तिक वस्तू करमुक्त होत्या. असे आकडे वेळोवेळी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी ताजा नियम विचारून घ्यावा. पण नियमामागील कारण उघड आहे : जेथे माणूस दिवसातून चार वेळा सीमा ओलांडू शकतो, तेथे सवलत ठेवली तर तिचाच व्यापार होईल. नेपाळात तयार झालेल्या मालाला दोन्ही देशांच्या व्यापार करारानुसार सवलती आहेत हे खरे; परंतु सीमेवरच्या बाजारात खपणारा बराचसा माल चीन व इतर देशांतून आलेला असतो.

म्हणजे पाहा, ‘वापरलेले’ या एकाच शब्दावर कर द्यायचा की नाही हे ठरत होते. आणि गाइडची युक्ती बरोबर त्याच शब्दाला हात घालते.

आता आपल्या धर्माकडे वळू. परक्या मुलखात खरेदीसाठी जाणे यात मुळात काहीच गैर नाही. सूरह कुरैशमध्ये कुरैशांच्या हिवाळी व उन्हाळी प्रवासांचा उल्लेख अल्लाहच्या कृपेचा दाखला म्हणून आला आहे. ते काफिले यमन आणि शामकडे जात. सूरह मुज्जम्मिलच्या शेवटच्या आयतीत अल्लाहची कृपा शोधत भूमीवर प्रवास करणाऱ्यांचा उल्लेख अल्लाहच्या मार्गात लढणाऱ्यांच्या शेजारी झाला आहे. स्वतः आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) हे हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामला गेले होते, आणि त्या व्यवहारातील सचोटीमुळेच त्यांच्या मनात प्रेषितांविषयी (स.) आदर उत्पन्न झाला. तेव्हा प्रवास, बाजार, घासाघीस हे सारे वैध आहे. प्रश्न फक्त नाक्यावरच्या उत्तराचा आहे.

कुरआनात सीमेपलीकडून खरेदी करून येणाऱ्यांच्या सामानाची झडती घेतल्याचा एक प्रसंग आहे, आणि तो आपल्याला पाठ असूनही आपण त्याकडे या दृष्टीने पाहत नाही. हजरत यूसुफ (अ.) यांचे भाऊ दुष्काळात कनआनहून मिसरला धान्य आणायला गेले. परतताना त्यांचा काफिला अडवला गेला, गोण्या उघडल्या गेल्या. त्या वेळी त्यांनी दिलेले उत्तर सूरह यूसुफच्या ७३ व्या आयतीत आहे : आम्ही या देशात बिघाड करायला आलेलो नाही आणि आम्ही चोर नाही, हे तुम्हालाही माहीत आहे, अशा आशयाचे. आपण परके आहोत आणि आपल्याजवळ आपल्या शब्दाखेरीज दुसरा आधार नाही, ही जाणीव त्या उत्तरात आहे. त्यापूर्वीच्या खेपेस धान्याची किंमत म्हणून दिलेला ऐवजच त्यांच्या गोण्यांत परत आलेला आढळला, तेव्हा त्यांनी तो दडवला नाही, पित्यासमोर उघड केला (आयत ६५).

हे तेच भाऊ होते ज्यांनी तरुणपणी आपल्या पित्यापुढे खोट्या रक्ताने माखलेला सदरा आणून ठेवला होता (आयत १८). एका वस्त्राकडून त्यांनी खोटी साक्ष वदवून घेतली होती. लेबल कापून अंगात चढवलेले नवे जाकीट काही प्रमाणात तेच काम करते. अपराध एकसारखे नाहीत, त्यांची तुलना करण्याचा हेतूही नाही. एकीकडे भावाचा जीव होता, दुसरीकडे काहीशे रुपयांचा कर आहे. पण पद्धत एकच आहे. जी गोष्ट घडली नाही ती घडल्याचे वस्त्राने सांगावे, म्हणून त्याला तसे तयार करायचे.

‘सगळेच असे करतात’ हा आक्षेप फार काळ थांबण्याजोगा नाही. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो बहुधा बसमधील जाणकार माणसाकडून येतो. तो म्हणतो : सीमेवर वसूल होणारा हा कर म्हणजे ‘मक्स’ आहे, हदीसमध्ये मक्स वसूल करणाऱ्याची कठोर निंदा आहे, मग अशा कराला चुकवले तर पाप कसले?

निंदा आहे हे खरे. सुनन अबू दाऊदमध्ये तशी हदीस आहे, आणि सहीह मुस्लिममध्ये एका पश्चात्तापी स्त्रीच्या प्रसंगात, तिची तौबा मक्स घेणाऱ्यालाही क्षमा मिळवून देईल इतकी खरी होती, असा आशय आला आहे. जाहिलियतच्या काळात बाजारात आणि वाटांवर बळाने जी वसुली चाले, तिचा हा निषेध आहे. आजच्या राज्याचा प्रत्येक कर त्या व्याख्येत बसतो काय, यावर विद्वानांत चर्चा आहे. ज्या कराच्या पैशातून रस्ते, रुग्णालये, शाळा चालतात, जो कायदेमंडळात ठरतो आणि सर्वांना सारखा लागतो, त्याला पुष्कळ समकालीन विद्वान मक्स मानत नाहीत. आम्हाला हेच मत अधिक योग्य वाटते. पण समजा, आपले मत वेगळे आहे. तरी नाक्यावर खोटे बोलण्याची परवानगी त्यातून निघत नाही, आणि त्याचे कारण इस्लामी इतिहासातच सापडते.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मुस्लिम व्यापाऱ्यांकडून परक्या राज्यांत दशांश कर घेतला जातो, असे हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी कळवले. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी तिकडच्या व्यापाऱ्यांकडून तितकाच म्हणजे दहा टक्के, संरक्षित बिगर-मुस्लिम प्रजेकडून पाच टक्के आणि मुसलमानांकडून जकात म्हणून अडीच टक्के घेण्याची व्यवस्था केली. म्हणजे सीमेवरचे नाके ही वस्तू आपल्या इतिहासाला परकी नाही. गंमत अशी, की मराठीने हा इतिहास एका शब्दात जपून ठेवला आहे. ‘जकात नाका’ या शब्दातील जकात तीच. अरबीतून फारसीमार्गे मराठीत येताना उपासनेचा अर्थ गळाला आणि वाटेवरची वसुली तेवढी उरली. मुंबईच्या वेशीवरची जकात २०१७ साली बंद झाली, तरी लोक अजून ‘नाका’ म्हणतात.

या व्यवस्थेतील एक तपशील फार मोलाचा आहे. इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये जियाद बिन हुदैर (रह.) यांचे कथन आहे. या वसुलीसाठी हजरत उमर (रजि.) यांनी सर्वप्रथम त्यांनाच नेमले होते. ते सांगतात, की कोणाचीही झडती घेऊ नये अशी आज्ञा त्यांना होती. जे समोर येईल त्यावरच हिशेब करायचा होता. आणि हनफी फिकहच्या ग्रंथांत नाक्यावरील अधिकाऱ्यासंबंधी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात नियम आहे, की मुस्लिम व्यापाऱ्याने शपथेवर सांगितले की या मालावर वर्ष पूर्ण झालेले नाही, किंवा माझ्यावर कर्ज आहे, तर त्याचे म्हणणे मान्य करावे.

थोडे थांबून विचार करा. एका विशाल साम्राज्याचा महसूल व्यापाऱ्याच्या शब्दावर सोडला होता. झडती घ्यायची नाही, कारण ज्याला विचारायचे तो खरे सांगेल असे गृहीत होते. आपल्या बसमधील जाणकार माणूस हदीसचा आधार घेऊन ज्या परंपरेचा हवाला देतो, तिने नाक्याला नव्हे, नाक्यावरच्या शब्दाला सर्वांत जास्त जपले होते. कर अन्यायाचा वाटत असेल तर वस्तू घेऊ नये, कायदा बदलण्यासाठी बोलावे, लिहावे. हे सारे मार्ग खुले आहेत. जुन्या-नव्याची अदलाबदल हा त्यांपैकी एक नाही.

शिवाय आपण कोणत्या नात्याने सीमा ओलांडतो, हेही पाहावे. नेपाळात आपण अमान घेऊन गेलेले पाहुणे असतो. इमाम मुहम्मद बिन हसन शैबानी (रह.) यांच्या सियरविषयक ग्रंथांपासून आपल्या फुकहांनी हे सातत्याने लिहिले आहे, की अमान घेऊन परक्या मुलखात गेलेल्या मुसलमानाला तेथे दगा करणे हराम आहे, मग तो मुलूख शत्रूचा का असेना. नेपाळ तर मित्रच आहे. आणि परतताना आपण आपल्याच देशाचे नागरिक असतो. येथे राहण्याच्या कराराने बांधलेले असतो. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याचा आदेश आहे, आणि सूरह बनी इस्राईलच्या ३४ व्या आयतीत वचनाबद्दल जाब विचारला जाईल असे बजावले आहे.

आता तिसरा आक्षेप, जो सर्वांत चतुर आहे. ‘आम्ही खोटे बोलतच नाही. जाकीट खरोखर अंगात घातले. घातले म्हणजे वापरले. वापरले म्हणजे वापरलेले. मग खोटे कोठे आले?’ याला आपल्या ग्रंथांत हीला म्हणतात. शब्द सांभाळायचा आणि त्यामागचा हेतू बुडवायचा. हा विषय इतका जुना आणि इतका नाजूक आहे, की इमाम खस्साफ (रह.) यांच्या नावाने हील्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध आहे, तर इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या सहीहमध्ये हील्यांच्या खंडनासाठी एक पूर्ण भाग ठेवला आहे. हील्याचे समर्थक पुन्हा हजरत यूसुफ (अ.) यांच्याच प्रसंगाकडे बोट दाखवतात : भावाला जवळ ठेवून घेण्यासाठी त्यांनी त्याच्या सामानात प्याला ठेवला, ती युक्तीच होती ना?

होय, युक्ती होती. पण ७६ व्या आयतीत अल्लाहने ती स्वतःकडे घेतली आहे. आपणच यूसुफसाठी ही योजना केली, असा तिचा आशय आहे. तीत कोणाचा हक्क बुडाला नाही. ज्या भावाच्या सामानात प्याला सापडला त्याला सख्ख्या भावाजवळ राहायला मिळाले, आणि शेवटी सारे कुटुंब एकत्र आले. शिवाय त्याच आयतीत मिसरच्या राजाच्या कायद्याचा उल्लेख आहे. त्या कायद्याने भावाला ठेवून घेता येत नव्हते; म्हणून भावांना आधी त्यांच्याच रीतीप्रमाणे शिक्षा काय ते विचारले गेले आणि त्यांच्या उत्तराप्रमाणे केले गेले. म्हणजे राजाचा कायदाही मोडला गेला नाही.

याच्या उलट दुसरा हीला सूरह आराफच्या १६३ व्या आयतीत आलेल्या वस्तीचा. शनिवारी मासेमारी मना होती आणि नेमके शनिवारीच मासे वर येत. भाष्यकार लिहितात, की काहींनी शुक्रवारी खड्डे खणून वा जाळी लावून ठेवली आणि रविवारी मासे काढले. शनिवारी हात लावला नाही, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तरी अल्लाहने त्यांना अवज्ञाकारी म्हटले. दोन्ही हील्यांतील फरक एका गोष्टीवर ठरतो : युक्तीने कोणाचा हक्क पोहोचतो की कोणाचा हक्क मारला जातो? जाकिटाची युक्ती कोणत्या बाजूला पडते, हे सांगण्यासाठी मुफ्तीची गरज भासू नये. दुहेरी अर्थाचे बोलणे, ज्याला तौरिया म्हणतात, त्याविषयी इमाम नववी (रह.) यांनी ‘अल-अजकार’मध्ये हाच निकष दिला आहे. गरज असेल तर हरकत नाही, गरज नसेल तर नापसंत, आणि त्यामुळे असत्य मिळवले जात असेल किंवा कोणाचा हक्क डावलला जात असेल तर हराम.

आणखी एक कसोटी प्रेषितांनी (स.) दिली आहे : पाप ते, जे छातीत खुपते आणि लोकांना कळलेले आवडत नाही. लेबल कापणारा हात सीटच्या खाली का जातो, एवढेच पाहावे.

या दहा मिनिटांतील दोन माणसांकडे सहसा लक्ष जात नाही. एक म्हणजे बसचा मालक किंवा ड्रायव्हर. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार चोरट्या मालाच्या वाहतुकीस वापरलेले वाहनही जप्त होऊ शकते, जोवर मालक ते आपल्या नकळत झाले असे सिद्ध करत नाही. सहलीच्या बसबाबत ही वेळ क्वचित येत असेल. पण आपल्या ब्लँकेटासाठी दुसऱ्याची रोजी पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दुसरी व्यक्ती म्हणजे त्याच नाक्यावर उलट दिशेने जाणारी नेपाळी बाई, जी रुपईडीह्याच्या बाजारातून साखर-तेल घेऊन घरी निघाली आहे. २०२३ साली नेपाळने शंभर नेपाळी रुपयांहून अधिक किमतीच्या मालावर शुल्क घेण्याचा नियम सक्तीने लागू केला, तेव्हा सीमेवरच्या गरिबांत मोठी नाराजी पसरली. शंभर नेपाळी रुपये म्हणजे आपले साडेबासष्ट. तिची पिशवी उघडली जाते. आपली वातानुकूलित बस पर्यटकांची म्हणून हात हलवून पुढे सोडली जाते, आणि आत आपण हसत असतो. करापेक्षाही हा प्रसंग आम्हाला अधिक बोचतो.

आणि मुले? अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने त्यांना काहीतरी देते म्हणून जवळ बोलावले. प्रेषितांनी (स.) विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. त्यावर त्यांनी सांगितले, की काहीच दिले नसते तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. एका खजुराची ही गोष्ट आहे. आपल्या बसमध्ये आठ वर्षांच्या मुलाला नवे जाकीट घालून, कोणी विचारले तर काय सांगायचे हे पढवले जाते. ते मूल दुपारी मशिदीत आपल्या शेजारी उभे होते.

आता खरेदीविषयी थोडे, कारण संध्याकाळच्या खोट्याची सुरुवात काही वेळा दुपारीच झालेली असते. गाइड ज्या दुकानात नेतो तेथून त्याला कमिशन मिळते, हे आता गुपित नाही. दलालीचा मोबदला शरीअतमध्ये वैध आहे, इमाम बुखारी (रह.) यांनी त्यावर स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पण आपल्याकडून फी घेऊन आपला सल्लागार म्हणून चालणारा माणूस दुकानदाराकडूनही गुपचूप घेत असेल, तर त्याचा सल्ला सल्ला राहत नाही. सहल आयोजित करणाऱ्यांपैकी जे आपले दीनी बांधव आहेत, त्यांनी हे कमिशन प्रवाशांना आधीच सांगून टाकावे. सांगितल्याने धंदा बुडत नाही.

दुसरी गोष्ट रुपयांची. १९९३ पासून भारतीय रुपयाचा दर १.६ नेपाळी रुपये असा बांधलेला आहे. सीमेवरच्या बाजारात भाव ‘आयसी’मध्ये की ‘एनसी’मध्ये, म्हणजे भारतीय की नेपाळी चलनात, हे विचारल्याशिवाय घासाघीस सुरू करू नये. १,६०० एनसीची वस्तू १,६०० आयसी देऊन आणणारे पुष्कळ असतात. उलटही घडते. दुकानदाराच्या गफलतीने आपल्याला सहाशे रुपये जास्त परत मिळाले, आणि बसमध्ये त्याची फुशारकी सांगितली जाते. ते सहाशे रुपये दुकानदाराचे आहेत. नोटा बदलताना दोन्ही चलने एकाच बैठकीत हातोहात घ्यावीत. अर्धे आज, अर्धे परतताना, असा व्यवहार फुकहांच्या मते सर्फच्या शर्तीत बसत नाही.

मग नाक्यावर करावे काय? फार अवघड नाही. पावती जपून ठेवावी. अधिकाऱ्याने विचारले तर जे आहे ते सांगावे. न विचारताही, मोठी वस्तू असेल तर स्वतःहून दाखवावी. बॅगेजवरील कराचा दर अलीकडच्या वर्षांत अधिभारासह ३८.५ टक्के राहिला आहे. म्हणजे दोन हजारांच्या ब्लँकेटावर ७७० रुपये. तो धरून ब्लँकेट महाग पडते असे वाटले, तर ते नागपूर-पुण्यातही मिळते. पुष्कळदा अधिकारी कुटुंबाची किरकोळ खरेदी पाहून जा म्हणतो. तो त्याचा अधिकार आणि त्याची जबाबदारी. आपण खरे सांगून मिळालेली सूट आणि खोटे सांगून मिळवलेली सूट यांत आपल्या खात्यावर पडणारा फरक स्पष्ट आहे.

अधिकाऱ्याने पावतीविना दोनशे रुपये मागितले तर? आपला हक्क मिळवण्यासाठी किंवा जुलूम टाळण्यासाठी नाइलाजाने दिलेल्या लाचेत देणारा गुन्हेगार नाही, असे फुकहांनी म्हटले आहे, पाप घेणाऱ्यावर. पण येथे आपण कोणता हक्क मिळवत आहोत? सातशे सत्तरचा कर दोनशेत मिटवणे हा हक्क नाही. पावती मागावी. पावती मागताच मागणी बहुधा मागे पडते.

राहिला प्रश्न त्यांचा, ज्यांच्या कपाटात मागच्या वर्षीची अशी वस्तू आहे. कित्येकांच्या मनात असते, की ते जाकीट घालून नमाज होईल का. नमाज होईल. ते पैसे देऊन, दुकानदाराच्या राजीखुशीने घेतले आहे. त्याच्या मालकीत दोष नाही. बाकी राहिला तो कर, जो सार्वजनिक तिजोरीचा म्हणजे या देशातील सर्वांचा होता. तो आता नेमक्या खात्यात भरण्याची वाट सापडत नसेल, तर ज्याच्यापर्यंत हक्क पोहोचवता येत नाही त्याच्या वतीने तो सदका करावा, हा फुकहांचा जुना मार्ग आहे. तेवढी रक्कम एखाद्या सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्णाच्या औषधाला किंवा गावच्या शाळेला द्यावी, सवाब आपल्याला मिळावा या इच्छेने नव्हे, तर देणे फेडण्याच्या भावनेने. आणि जे मूल त्या दिवशी ते जाकीट घालून सीटवर बसले होते, त्याला बरोबर घेऊन जावे. पैसे कशाचे, हे ते विचारील.